हिराजी पाटलाचं कतारी मीठ

हिराजी पाटील पेणच्या खाडीकाठचा. एका उधाणात बांध फुटला आणि घरचं मिठागर बुडालं, तेव्हा त्यानं ड्रायव्हिंगचं लायसन काढलं आणि अठ्ठ्याण्णव साली दोहा गाठलं. एका टूर कंपनीची मिनीबस त्याच्या हाती आली. राहायला शहरातल्या अल नस्र भागातली सहाजणांची खोली, आणि दर शुक्रवारी पाहुण्यांना घेऊन किनाऱ्यावरच्या समैस्मा गावाच्या पुढे जायचं, एक जुनं मिठागर दाखवायला.

ते एका म्हाताऱ्या अरबाबाच्या, म्हणजे तिथल्या अरब शेठच्या मालकीचं. पडक्या भिंती पुन्हा उभारून, कॉफीचा तंबू ठोकून त्यानं ते लोकांसाठी खुलं केलं होतं. फक्त तिथं मीठ पिकत नव्हतं. तिथले कामगार दुकानातून पोती आणून त्यातलं मीठ कुंडांत पसरत. ते ओतायला लागले की हिराजी तोंड फिरवून बसच्या काचा पुसत बसायचा.

गाइड होती वसईची नोरा. एकदा एका पाहुण्या बाईंनी तिला विचारलं, समुद्र हाकेच्या अंतरावर असताना मीठ विकत का आणता? नोरा पाहुण्यांना तंबूकडे वळवू लागली. हिराजीला मात्र राहवलं नाही. त्यानं नोराला मराठीत सांगितलं की तळ वाळूचा आहे, पाणी पिऊन टाकतो. चिकणमाती घालून पायानं तुडवली तर धरून ठेवील. नोरानं ते इंग्रजीत सांगितलं. मागे अरबाब उभा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत एवढंच विचारलं, तू करशील का?

दुसऱ्या दिवसापासून ड्युटी सुटली की हिराजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरू लागला. थंडीचे दिवस होते, पाय बधिर व्हायचे, पण अंगात अशी हुशारी त्याला कित्येक वर्षांत वाटली नव्हती. तीन आठवड्यांनी भरतीचं पाणी आत घेतलं. सकाळी पाहतो तर कुंड कोरडं. पुन्हा तुडवलं, पुन्हा भरलं, पुन्हा कोरडं. तंबूतले कामगार हसू लागले.

त्या शुक्रवारी त्यानं गावी बायकोला फोन लावला. मुक्ताबाई लहानपणापासून मिठाच्या पाट्या वाहिलेली. तिनं सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाली, "तळ कशाला उकरताव? बांधाचे कोपरे बघा. खेकड्याचा बीळ असंल."

बीळ निघालं, एक नाही, चांगली तीन. ती बुजवल्यावर पाणी ठरलं. मार्चचं ऊन तापलं, पाणी एका कुंडातून दुसऱ्यात सरकत दाट होत गेलं, आणि एका दुपारी त्याच्यावर पांढरा पापुद्रा धरला. हिराजीनं लाकडी फळीनं तो हळूच ओढून काठाला ढीग लावला. अरबाब आला, त्यानं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. मग म्हणाला, "माझी आई असंच मीठ डोक्यावरून न्यायची." पोत्यांतलं उरलेलं मीठ त्यानं त्याच दिवशी हलवायला लावलं.

बसचं स्टेअरिंग दुसऱ्याच्या हाती गेलं. हिराजी मिठागराचा माणूस झाला. पाहुणे बूट काढून त्याच्याबरोबर चिखल तुडवायचे, तो अरबी, हिंदी, इंग्रजी सगळं एकत्र करून शिकवायचा, आणि नोराला दुभाष्याचं काम फारसं उरलं नाही.

दोन हजार तीनच्या जानेवारीत अरबाबानं मुक्ताबाईला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. तिनं आल्या आल्या बांधावरून एक चक्कर मारली, नवऱ्यानं रचलेला ढीग पाहिला आणि सांगितलं की टोक निमुळतं नाही, वाऱ्यानं मीठ उडंल. मग नऊवारीचा काष्टा घट्ट करून तिनं ढीग नव्यानं रचला. पाहुणे कॅमेरे घेऊन गोळा झाले. हिराजी शेजारी उभा राहून तिला पाट्या भरून देत होता, आणि ह्या कोण असं नोरानं मुद्दाम विचारल्यावर ऐटीत म्हणाला,

"आमची मोठी इंजिनियर."