रिकाम्या खिळ्यावरचा बिल्ला

आधीच सांगते, भूतबाधा, करणी, झपाटणं यातलं काहीही मी कधी मानलं नाही. माहेर पुण्याचं, वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर वडील त्याला आधी जाऊ द्यायचे आणि मग आपण पुढे निघायचे, बस्स. इथे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचताना मी कित्येकदा हसलेही आहे. पण माझ्या स्वतःच्या घरात जे घडलं त्याचं मला हसू येत नाही... म्हणून लिहायला बसले.

नव्वदीच्या दशकाचा मध्य. आम्ही बेंगळूरला, बनशंकरी सेकंड स्टेजमध्ये राहायचो. यांचं घराणं पिढ्यानपिढ्या तिथलंच, मराठी बोलायचे पण निम्मं कन्नडमध्ये बुडवून. हे एका विमा ऑफिसात अकाउंट्सला. निर्व्यसनी, शांत, ऑफिस सुटलं की सरळ घरी. व्यसन म्हणायचं तर एकच — दगड! गारगोट्या, अभ्रक, गार्नेट, काय काय. शोकेसमध्ये दगड, पलंगाखाली दगड, आणि जिथे दगड नाहीत तिथे भूगर्भशास्त्राची जुनी पुस्तकं, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. नवा दगड हातात आला की हे तो जिभेने ओला करून रंग बघायचे. "अहो, धुवून तरी चाटा," मी म्हणायची. "स्वल्प थांब गं," म्हणून पुन्हा चाटायचे.

खाणीतल्या जुन्या वस्तूंचाही नाद होता. कोलारच्या सोन्याच्या खाणी जवळच, त्यामुळे यशवंतपूरच्या भंगारवाल्यांकडे तिकडचं बरंच सामान यायचं. त्यातच यांना एक मोठा लाकडी फळा मिळाला. त्यावर ओळीने खिळे, खिळ्याखाली नंबर, आणि जवळजवळ प्रत्येक खिळ्यावर त्या नंबरचा पितळी बिल्ला. मी कपाळाला हात लावला, पण फळा आमच्या बाहेरच्या खोलीत लागलाच.

आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे कॉफीबरोबर त्या फळ्याची माहिती ऐकवायचे. खाणीत उतरताना माणसाने आपला बिल्ला फळ्यावरून काढून बरोबर न्यायचा, वर आला की स्वतःच्या हाताने पुन्हा अडकवायचा. पाळी संपली आणि खिळा रिकामा दिसला, म्हणजे माणूस अजून खाली आहे. लगेच शोध सुरू. "आणि दुसऱ्याचा बिल्ला कुणी म्हणजे कुणी लावायचा नाही," हे बोट वर करून सांगायचे, "कारण मग वरच्यांना वाटेल तो आला, आणि शोधायला कुणी जाणारच नाही."

आमच्या फळ्यावर एकच खिळा रिकामा होता. ४१७. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तशी यांची नजर सारखी तिथे जायची.

यांचे एक मित्र होते आनेकलला, तेही असेच दगडवेडे. त्यांनी एका रविवारी कोलारच्या खाणीतल्या मातीच्या ढिगाऱ्यावरून गोळा केलेले दगड खोकं भरून पाठवले. हे मोरीत बसून जुन्या टूथब्रशने एकेक घासत होते. एका दगडाला चिखलाचा घट्ट थर होता, तो सुटला आणि आतून पितळेची चकती निघाली. नंबर — ४१७.

मी स्वयंपाकघरात होते. "अगं, ये ये!" अशी हाक आली म्हणून पदराला हात पुसत गेले, तर हे फळ्यासमोर उभे. बिल्ला खिळ्यावर लागलेला. चेहऱ्यावर इतका आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता! "फळा पूर्ण झाला," एवढंच म्हणाले. इतकी वर्षं सगळ्यांना तो नियम सांगणारा हा माणूस... त्या क्षणी त्यांना फक्त रिकामी जागा दिसत होती.

त्या दुपारी हे झोपून उठले ते घामाने निथळत. पंखा चालू, बाहेर गार वारा, आणि यांची बनियन पिळून काढावी अशी. "खूप उकडतंय," म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्यायले. मग खोकला सुरू झाला. वाटलं, हवा बदलली असेल. आल्याचा काढा दिला. पण खोकून झाल्यावर बेसिनमध्ये राखाडी काहीतरी दिसायला लागलं. मी बोटाने चाचपलं, तर पालक धुतल्यावर पातेल्याच्या तळाशी राहते ना, तशी बारीक वाळू.

दोन जिने चढायचे तर यांना मध्ये बसावं लागायला लागलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरून नीट पाहिली. मग यांना विचारलं, "मैन्सनल्ली एष्टु वर्ष केलस माडिद्री?"

खाणीत किती वर्षं काम केलंत!

मी हसलेच. म्हटलं, "डॉक्टर, हे विमा ऑफिसात आहेत." त्यांचा विश्वासच बसेना. सिलिकोसिस, म्हणाले. वर्षानुवर्षं दगडाची धूळ श्वासातून गेली की फुप्फुसं निबर होतात तो रोग. आदल्याच वर्षी ऑफिसच्या तपासणीत काढलेला एक्स-रे मी घरून आणून दाखवला. तो स्वच्छ होता. डॉक्टर दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरून बघत राहिले. घरी दगड कापता का, घासायचं मशीन आहे का, सगळं विचारलं. टूथब्रशशिवाय आमच्याकडे काही नव्हतं. आणि ते आनेकलचे मित्र, ज्यांच्याकडे आमच्या दुप्पट दगड, ते ठणठणीत!

हे मात्र घरी येऊन फळ्यासमोर बसले. "मी लावायला नको होता," हळूच म्हणाले. मी चिडले. म्हटलं, तुमच्यासारखा शास्त्रं वाचणारा माणूस असलं बोलतो?

पुढे यांना ॲडमिट करावं लागलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर बोलताना माझ्याकडे बघायचं टाळायला लागले. सकाळी मी अंघोळीला घरी आले तेव्हा त्या फळ्यापुढे माझा संयम सुटला. न मानणारी मी, बिल्ला खसकन काढला आणि मोहरीच्या डब्यात खुपसला.

परत दवाखान्यात गेले तर हे उशीला टेकून बसलेले, नाकातली नळी बाजूला. "कॉफी मिळेल का?" विचारत होते. मला रडूच आलं! औषध लागू पडलं, सगळे म्हणाले. असेलही. डॉक्टरांनी घरी सोडलं, पण कसं काय सुधारलं ते त्यांनाही सांगता येईना.

घरात आल्या आल्या यांनी रिकामा खिळा पाहिला.

"काढलास?"

"काढला."

"म्हणजे काय केलंस कळतंय? बिल्ला काढला म्हणजे माणूस परत खाली गेला."

"मग जाऊ दे!" मी ओरडले. "कोण कुठला तो! मला माझं माणूस हवंय."

"तोही कुणाचं तरी माणूस आहे गं," हे म्हणाले. "एवढ्या वर्षांनी वर आला, त्याच्या जागी मी खाली गेलो. मी लावला, चूक केली, सरी, मान्य. पण आता त्याला पुन्हा खाली कसं पाठवू?"

मी बिल्ला कुठे ठेवला ते सांगितलं नाही. यांनीही शोधला नाही. फक्त ताटावर बसायचे आणि दोन घासांत उठायचे. झोपले की मधेच कण्हायचे. मी भांडले, शपथ घातली, पाया पडले... रागावले असते तर बरं झालं असतं. हे नुसते केविलवाणे माझ्याकडे बघायचे. शेवटी मीच डबा आणून पुढ्यात ठेवला. यांनी मोहरी झटकली, बिल्ला धोतराच्या सोग्याने पुसला आणि खिळ्यावर लावला. दिवेलागणीला खोकला परत आला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. सगळ्या खिडक्या सताड उघड्या असायच्या, मी पुठ्ठ्याने वारा घालायची, आणि हे म्हणायचे, "हवा येत नाही गं आत." माझ्या डोळ्यांदेखत गेले. मला काहीही करता आलं नाही.

मी नंतर बऱ्याच जणांना विचारलं. कुणी म्हणालं जुन्या पुस्तकांची बुरशी, कुणी म्हणालं एक्स-रे बदलले असतील, कुणी म्हणालं मनाचे खेळ. पण मनाच्या खेळाने बेसिनमध्ये वाळू येते का? मला उत्तर सापडलेलं नाही. मी आजही या गोष्टी मानत नाही, आणि तरी हे झालंच नाही असंही म्हणता येत नाही.

दगड आनेकलला पाठवून दिले, पुस्तकं एका कॉलेजने नेली. फळा मात्र आहे तिथेच आहे. माझ्या नणंदबाई, अक्का, येतील तेव्हा म्हणतात, "काढून टाक ती पीडा." हात पुढे केला होता मी एकदा. पण आता काढून माझं काय परत येणार? ज्याच्यासाठी यांनी श्वास सोडला, त्याला मी खाली ढकलू? त्याचा राग येतो मला, फार येतो. नाव नाही, चेहरा नाही, नुसता नंबर! तरी रोज सकाळी केर काढत फळ्यापाशी आले की तोंडातून निघतंच, "बाबा रे, तू तरी नीट राहा आता."