लेखात कुठं हाय?

लेकीच्या शाळेत मी नको तिथं तोंड घातलं. संगणकावरच्या खेळात गुळाचा लेख वाचून उत्तर दिलं, तरच पडद्यावरचं कुलूप उघडणार होतं. घरचंच गुऱ्हाळ, गूळ मला काय नवा? मी न वाचताच उत्तर ठोकलं. ते चुकलं आणि लेकीच्या गटातल्या पोरींना एकच संधी उरली.

"आवं, लेखात कुठं हाय ते दाखवा," बाई म्हणाल्या. कुणालाही त्यांचं हेच उत्तर.

शिपाई खोली बंद करायला आला, तर बाईंनी दारात हात आडवा धरला. एरवी परिच्छेद बघून पळणारी माझी लेक लेखातल्या चित्राखालची ओळ बोट ठेवून वाचत होती.

"बाई, हितं हाय!"

त्या ओळीतलं उत्तर भरलं आणि कुलूप उघडलं. पोरी नाचल्या, कधी न हसणाऱ्या बाईंनीही शिट्टी मारली.

घरी सगळं ऐकून बायको म्हणाली, "तुमच्याएवढी पोरं वर्गात घेत्यात का, बाईंना इचारा की!"