थंडगार हेलियमातली तार

केसाहून बारीक तारेसाठी जन्मदात्या आईला ताटकळत ठेवणारा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझा आतेभाऊ निघाला. बंगळूरच्या प्रयोगशाळेत तो हेलियम वायू इतका थंड करतो की त्याचा द्रव होतो आणि त्या द्रवातलं घर्षण जवळजवळ नाहीसं होतं. मग त्यात ती तार थरथरवायची आणि किती वेळ थरथरते ते मोजत बसायचं. पंधरा वर्षं हेच. गावी आला की आत्याच्या फ्रिजला भट्टी म्हणायचं, आइस्क्रीमवर फुंकर घालायची. वालावलच्या एका लग्नात तर भर पंगतीत पेल्यांवर टिचक्या मारत हा वधूपित्याला म्हणाला, "तुमच्या सोलकढीत घर्षण फार आहे." त्या भल्या माणसाने घाबरून दुसरं पातेलं मागवलं.

गेल्या वर्षी आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. जन्मभर मासळी विकलेली बाई, पण बांगडा चाचपून ओळखायची वेळ आली होती. याने सुट्टी काढली आणि आदल्या दिवशी फोन केला, "यंत्र आत्ताच थंड झालाहा. सोडून इलंय तर सगळा फुकट." मी काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. एवढ्या थंडीत वावरून काळीजही गोठतं, असं मी बाजारात चार जणांना ऐकवलं आणि आत्याला कुडाळला घेऊन गेलो.

महिन्याने स्वारी उगवली. माफीचं नाव नाही. जेवायला वाढता वाढता आत्या म्हणाली, "तुझा ता काम माका दाखय रे. आता दिसता माका."

त्याने पळी दोऱ्याला टांगून टिचकी मारली. ती किणकिणत राहिली. मग बांगड्याच्या सारात बुडवून मारली. गप्प. "सार तिका थांबवता, आये. माझो हेलियम जवळजवळ थांबवणा नाय."

"जवळजवळ म्हणजे थोडा थांबवता मां? मगे ता थोडा कोण करता?"

त्याचा घास हातातच राहिला. "ताच तर शोधतंय गो," तो अगदी हळू म्हणाला. त्या द्रवात म्हणे बारीक भोवरे पडतात आणि तारेला ओढ लावतात. आत्या होडीवाल्यांच्या घरातली. भोवरा म्हणजे काय ते तिला सांगावं लागलं नाही. उष्टे हात वाळेपर्यंत मायलेक बोलत बसले.

माफी त्याने आजतागायत मागितलेली नाही, आणि ते मला अजून खुपतं. पण पंधरा वर्षं आम्ही सगळ्यांनी त्याची टर उडवली; तो एवढासा प्रश्न मात्र आमच्यातल्या एकानेही त्याला कधी विचारला नव्हता.