उत्तराचा रकाना

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी मी ब्लॉग सुरू केला, तेव्हा वर्गातल्या निम्म्यांना तो शब्द ठाऊक नव्हता आणि उरलेल्यांना ते रिकामपणचं काम वाटायचं. दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. तालुक्याच्या नेटकॅफेत एकाच मशीनवर मराठी टाईप व्हायचं. ते रिकामं होईपर्यंत मी बाकावर वही घेऊन बसायचे. वहीत टाचण असायचं.

टाचण म्हणजे पाठ घेण्याआधी लिहायचा आराखडा. एका रकान्यात शिक्षक काय विचारणार ते आणि शेजारच्या रकान्यात मुलं काय सांगणार ते लिहायचं. त्या दुसऱ्या रकान्याचं नाव 'अपेक्षित उत्तर'. मुलं अजून समोर आलेलीही नसत आणि त्यांची उत्तरं आम्ही आदल्याच दिवशी लिहून मोकळे. बरं, ही टाचणंही आमची नव्हेत. वरच्या वर्गातल्यांनी त्यांच्या वह्या आम्हाला दिलेल्या, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. नाव आणि तारीख बदलली की झालं. ज्यांना वही देणारं कुणी नाही त्यांनी काय करायचं, असं माझ्या मनात आलं. म्हणून मी टाचणं ब्लॉगवर टाकायला लागले आणि सगळी पोरं ज्या साइटवर पडीक असायची तिथल्या आमच्या बॅचच्या गटात लिंक देऊ लागले. मैत्रिणींनी 'इंटरनेटवाल्या बाई' असं नाव पाडलं. पाडू दे म्हटलं. मी पुसेगावकडची, चेष्टेला भिऊन माघार घेणं आमच्या घरात कुणालाच जमलेलं नाही.

सराव पाठ कुरुंद्याकडच्या एका शाळेत असायचे. त्या दिवशी चौथीचा वर्ग होता. मी विचारलं, हळद कशी तयार होते? पहिल्या बाकावरच्या मुलीचा हात सगळ्यांत आधी वर गेला. ती उभी राहून म्हणाली, "उकडून." मी वहीत पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'हळकुंडे वाळवून व दळून.' उकडून नव्हतं. मी तिला चूक म्हणून खाली बसवलं आणि पुढच्याला विचारलं. मागे बसलेल्या माझ्या तीन वर्गमित्रांनी निरीक्षण वहीत लिहिलं, 'पाठ चांगला झाला. फळ्यावरील अक्षर मोठे काढावे.' प्रत्येकाच्या प्रत्येक पाठावर हेच लिहायचा आमचा रिवाज होता. आज मी तुझं चांगलं लिहायचं, उद्या तू माझं.

दोन दिवसांनी ते टाचण मी 'यशस्वी पाठ' अशा मथळ्याने ब्लॉगवर टाकलं. एका मुलीने चुकीचं उत्तर दिलं, पण मी वर्ग सांभाळून घेतला, असंही शाळेच्या नावासकट वर लिहिलं. आज आठवलं तरी कान गरम होतात.

आठवड्याने त्याखाली कॉमेंट आली. 'बाई, हळद आधी कढईत उकडतात, मंग वाळवतात. पोरीनं बराबर सांगितलं व्हतं. तुमच्या वहीत नसंल, तिच्या घरी कढई हाय. आता ती वर्गात हात वर करत न्हाई.' लिहिणारा तिचा काका होता, नांदेडला कॉलेजात शिकणारा.

मला आधी राग आला. चार तिखट ओळी टाईपही केल्या. आमच्याकडे कापूस आणि ज्वारी. हळद मी डब्यातच पाहिलेली. ओळी पाठवायच्या आधी सहज कॅफेवाल्याला विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, "उबालते हैं ना, मैडम. सबको मालूम है." मी त्या चारही ओळी पुसल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या पाठांच्या मार्गदर्शक सरांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर कॉमेंटची प्रिंट होती. त्यांचं म्हणणं असं, की घरातली गोष्ट तू गेटवर टांगलीस, शेजारची कॉलेजं हसायला लागली, आणि तुझ्यामुळे पोरं आयती टाचणं उतरवायला लागली. ब्लॉग आजच्या आज बंद कर. वार्षिक पाठ पंधरा दिवसांवर होता आणि अंतर्गत गुण त्यांच्या हातात होते. त्या गुणांवर माझी नोकरी अडकलेली होती, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

सर वाईट नव्हते. उतरवण्याबद्दल ते बोलले ते खरंच होतं. जुनी चूक मी आणखी दहा वह्यांत पोचवली होती. ते मी तिथेच कबूल केलं. पण बंद करायला मी तयार नव्हते.

"सर, चूक मी चारचौघांत केली," मी म्हणाले. "दुरुस्तही चारचौघांतच करणार."

"मग गुणांचं तुम्ही बघा," सर म्हणाले. एरवी ते मला अगं-तुगं करायचे.

मी कॅफेत गेले. टाचण तसंच ठेवलं, कॉमेंट तशीच ठेवली आणि वर लिहिलं: 'हा पाठ फसलेला आहे. मुलीचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी.' बॅचच्या गटातही तेच टाकलं. दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. निरीक्षण वह्यांचं बिंग फुटलं होतं ना. गुण कमी पडले, तेही आत्ताच सांगून टाकते. नोकरी दोन वर्षं उशिरा लागली. ब्लॉग चालू राहिला.

पण गुण लागायच्या आधीच मी त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडून एक तास मागून घेतला. नवं टाचण लिहिलं होतं. वर्गात तोच प्रश्न विचारला. ती मुलगी आता तिसऱ्या बाकावर बसली होती. हात कुणाचाच वर नव्हता. मी तिलाच उठवलं. ती खाली बघत म्हणाली, "बाई, तुमच्या वहीत काय लिवलंय ते सांगा. मी तेच म्हणते."

मी वही घेऊन तिच्या बाकापाशी गेले आणि तिच्यासमोर उघडली. अपेक्षित उत्तराचा रकाना कोरा होता.

"काहीच नाही लिहिलेलं. मागच्या वेळी तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. तू सांग, मी लिहिते."

तिने त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून पाहिलं. मग बोलायला लागली. कढईत पाणी किती घ्यायचं, वरून हळदीचाच पाला कसा झाकायचा, त्यावर गोणपाट, मग काडी टोचून बघायची, ती सहज आत गेली की उतरवायचं. मग वाळवणं. मी फळ्यावर लिहीत गेले, अक्षर मोठं काढून. लिहून झाल्यावर मुलांकडे वळले, तर वर्गात एक हात वर होता. तिचाच.

"बाई," ती म्हणाली, "पाला लिवायचा राहिला."