‘आढळला नाही’खालची सही

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘पुन्हाबाई’. पाठीमागचं नाव मीच ठेवलेलं, हे आधीच कबूल करून टाकते. मी तिथे रिपोर्ट टाइप करायचे, त्यामुळे बाईंच्या ‘पुन्हा’चा सगळ्यात जास्त जाच मलाच. रक्ताच्या नळीवरचा नंबर त्या तीनदा वाचणार. किंचित शंका आली की नमुना पुन्हा यंत्राला लावणार. मी छापलेला कागद दहा मिनिटांत माझ्याच टेबलावर परत, कारण वयाच्या रकान्यात चौतीसच्या जागी त्रेचाळीस पडलेलं. चूक माझीच असायची, म्हणून तर राग जास्त यायचा.

घरीही तोच कारभार. एकदा त्यांच्याकडे गेले होते. निघताना दाराला कुलूप लावून जिना उतरलो, तर बाई गॅस बंद आहे का बघायला परत वर. नवरा खाली उभा राहून मला म्हणाला, "निवांत थांबा. अजून एक फेरी व्हायचीय." सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या गोळ्या बाई सकाळी डबीत मोजून ठेवायच्या आणि दुपारी कामावरून फोन करून नवऱ्याला पुन्हा मोजायला लावायच्या. सासूबाई म्हणायच्या, "यम आला तरी माझी सून त्याला दारातच उभं करील. म्हणेल, नाव पुन्हा सांगा."

या सगळ्याच्या बदल्यात बाईंना एकच मिजास होती. सव्वीस वर्षांत आपल्या सहीचा एकही रिपोर्ट खोटा निघालेला नाही, हे त्या वर्षातून एकदा तरी ऐकवायच्या. आणि ते खरं होतं, त्या शुक्रवारपर्यंत.

बाईंच्या खोलीतलं यंत्र एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्तात विषाणू किती आहे ते मोजायचं. गोळ्या लागू पडल्या की आकडा खाली येतो, आणि येता येता इतका कमी होतो की यंत्र सांगतं, ‘आढळला नाही’. हे दोन शब्द ऐकायला लोक सहा-सहा महिने वाट बघतात. आमच्याकडे रीत अशी, की मोठा आकडा आला तर नमुना पुन्हा लावायचा, आणि ‘आढळला नाही’ आलं तर थेट सही. चांगली बातमी कोण तपासत बसतो? बाईसुद्धा नाही. रक्तातल्या पेशी मोजणारं यंत्र शेजारच्या खोलीत होतं. त्याचा कागद वेगळा, लिफाफा वेगळा. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघणं हे कुणाचंच काम नव्हतं.

त्या दिवशी लिफाफे संपले होते आणि भांडारात जायचा मला कंटाळा आला होता. एका पेशंटचे दोन्ही कागद मी एकाच पिनेत अडकवले आणि सहीसाठी पुढे सरकवले. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं.

"हे दोन्ही एकीचेच?"

"हो. लिफाफे नाहीत. वेगळे करू का?"

"हात लावू नकोस त्याला."

डावा कागद म्हणत होता, विषाणू आढळला नाही. उजव्या कागदावर पेशींचा आकडा. विषाणू ज्या पेशी खातो, त्याच या. तीन महिन्यांपूर्वी चारशे दहा, आणि आता एकशे नव्वद.

"चोर नाही म्हणे, आणि घरातलं सामान तर निम्मं गायब," मी म्हणाले. माझ्या फालतू विनोदाला बाई एरवी डोळे तरी वटारायच्या. आज वटारले नाहीत. त्यांनी रजिस्टर ओढून तीन महिने मागची पानं उलटली. याच पेशंटचा तेव्हाचा रिपोर्टही ‘आढळला नाही’. खाली त्यांची सही.

उरलेला नमुना त्यांनी ताबडतोब पुन्हा लावला. साडेअकराला उत्तर आलं, आढळला नाही. त्याच फेरीत लावलेले तपासणीचे नमुने, ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं, ते मात्र सगळे बरोबर आले होते.

"यंत्र बिघडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "त्याला हा विषाणू दिसतच नाहीये."

"असं कसं? विषाणू तो विषाणू."

"एकच नाही गं तो. त्याची घराणी आहेत, पोटघराणी आहेत, दोन घराण्यांची मिसळ होऊन झालेलेही आहेत. आपलं यंत्र त्याच्या एका छोट्या तुकड्यावरून त्याला ओळखतं. जिथे ते बनलं, तिथे जी घराणी जास्त, त्यांच्यावर ते पारखलेलं. एखाद्या लांबच्या घराण्यात नेमका तोच तुकडा वेगळा असला तर?"

"म्हणजे वॉचमनला सांगितलं मिशीवाल्याला अडव, आणि चोर आला मिशी उतरवून."

"तसंच समज. आणि काही घराण्यांवर काही गोळ्या मुळातच चालत नाहीत. ही बाई रोज नेमाने गोळी घेत असेल आणि आत काहीच होत नसेल."

मग मी कागदावरचं बाकीचं वाचलं. वय एकोणतीस, आठवा महिना. नवरा जहाजावर आचारी, वर्षानुवर्षं लांबच्या बंदरांतून फिरलेला. म्हणजे प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. रक्तात विषाणू नाही असं समजून बाळंतपण झालं आणि तो भरभरून असला, तर तो बाळात जायचा धोका मोठा. आणि बाळालाही औषध मिळणार ते बेताचंच, कारण कागदावर आई सुरक्षित.

बाई मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण यंत्र त्यांनी खटपट करून आणलेलं आणि त्याच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. दार उघडंच होतं, त्यामुळे कान टवकारायचीही गरज पडली नाही.

"बाई, दोनदा तेच उत्तर आलंय. तुमच्याच नियमाने पुन्हा करून झालं. सही करा, पेशंटच्या डॉक्टरीणबाई खोळंबल्यात."

"नाही करणार, साहेब."

"हे यंत्र आंधळं आहे असं म्हणालात, तर कपाटातल्या अडीच हजार रिपोर्टांचं मी काय करू?"

"मलाही तीच काळजी आहे."

पुढचं त्या हळू बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. बर्फाच्या डब्यात नमुना ठेवला, पिनेतले दोन्ही कागद पर्समध्ये टाकले, पायातल्या सपाता काढून चपला घातल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला विद्यापीठाची प्रयोगशाळा होती. तिथलं यंत्र विषाणूचा दुसरा तुकडा बघायचं, आणि ते चालवणारी मुलगी बाईंच्याच हाताखाली शिकलेली.

"ती पेशंट चारच्या गाडीने बहिणीकडे चाललीय. बाळंत होईपर्यंत तिकडेच राहणार," बाई मला म्हणाल्या. "मी येईपर्यंत तिला जाऊ द्यायचं नाही."

"मी काय तिला बांधून ठेवू?"

"एवढं बोलता येतं ना तुला? बोल मग."

ती बाकावर बसली होती. पायाशी निळी पिशवी, पिशवीवर पाय टेकलेले, नाहीतर सूज चढते म्हणाली. डबे भरायच्या कारखान्यात कामाला. मी शेजारी बसले आणि तोंड सुरू केलं. छपाईचं यंत्र रुसलंय, माणूस येतोय, आमच्याकडे सगळंच असं. ती हसली. म्हणाली, "असू दे हो. रिपोर्ट चांगलाच येणार आहे. मागचा बघा ना."

तिने पिशवीतून तो काढला. वर प्लास्टिक चढवून घेतलं होतं, चार कोपरे गोल कापून. ‘आढळला नाही’. खाली बाईंची सही, जरा तिरकी, मी हजार वेळा पाहिलेली.

"हे वाचलं त्या दिवशी मी पहिल्यांदा बाळाशी बोलले," ती म्हणाली. "त्याआधी भीतीच वाटायची. म्हटलं, उगाच जीव लावायचा आणि..."

टाइप केलेल्या कागदाचं पुढे काय होतं याचा मी अकरा वर्षांत कधी विचारच केला नव्हता. मी नुसती वय चुकवत बसले होते.

अडीच वाजले. डॉक्टरीणबाईंकडून दोनदा निरोप आला. तिसऱ्यांदा साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. "तो रिपोर्ट परत छापा. सही मी करतो."

आता आली का पंचाईत. टेबलाखाली छपाईच्या यंत्राची वायर होती. मी पायाने ती ओढली, आणि चेहरा जितका बावळट करता येतो तितका करून म्हणाले, "साहेब, हे चालूच होत नाहीये." त्यांनी बटण दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. माझी चप्पल वायरीवर. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, हा विचार डोक्यात, आणि पाय मात्र हलेना.

"शेजारच्या खोलीत जाऊन छापा."

"तिकडे जेवायची सुट्टी आहे. कुलूप आहे." हे मात्र योगायोगाने खरं होतं.

तीनला पाच कमी असताना बाकावरची उठली. स्टँड लांब होतं. "मी निघते. रिपोर्ट फोनवर सांगाल ना?" मी तिचा हात धरला. काही सुचेना तेव्हा खरं तेच बोलले, "थोडं थांबा. बाळासाठी थांबा." तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि ती मटकन खाली बसली. ते हसू मी घालवलं, हे मला अजूनही बोचतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. साहेब तिथेच उभे होते.

"एक लाख ऐंशी हजार," पलीकडून बाई म्हणाल्या. "दोनदा लावला. साहेबांना दे."

साहेबांनी ऐकलं, फोन ठेवला आणि माझ्याच खुर्चीत बसले. मग खाली वाकून वायर उचलली, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या हाताने परत लावली. "आता छापा. खरं ते छापा."

बाई आल्या त्या घामाघूम. थेट तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, मलाही ये म्हणाल्या. मला वाटलं, यंत्राचं नाव सांगतील, घराण्यांचं समजावतील. त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या रक्तात विषाणू आहे, बराच आहे. मागचा रिपोर्ट चुकीचा होता. त्याच्यावर सही माझी आहे."

तिने प्लास्टिकमधला कागद टेबलावर ठेवला. "ही तुमची?"

"माझी."

"मी रोज गोळी घेतली. एक दिवस चुकवली नाही."

"तुम्ही नाही चुकलात. आम्ही चुकलो."

"मग माझं बाळ?"

"पाच आठवडे आहेत अजून. गोळ्या आजच बदलायच्या. आकडा खाली आणता येतो. बाळाला जन्मल्यापासून पूर्ण औषध द्यायचं. नक्की काही होणार नाही, असं मी म्हणणार नाही. पण वेळ आहे." ती बाईंकडे बघत राहिली. मला वाटलं, थोबाडीत मारते आता. मारली असती तरी बाईंनी गाल पुढे केला असता. चारची गाडी तिला न घेता गेली.

पुढचे पाच आठवडे बाई जेवल्या की नाही, त्यांच्या नवऱ्यालाच ठाऊक. दर आठवड्याला नमुना घेऊन स्वतः पलीकडे विद्यापीठात जायच्या. एक लाख ऐंशी हजारांचे नऊ हजार झाले, मग चारशे. इकडे साहेबांनी कपाट उघडलं. आम्ही तिघांनी अडीच हजार रिपोर्ट पेशींच्या कागदांशी एकेक करून ताडून बघितले. विषाणू नाही आणि पेशी मात्र घटताहेत, असे अकरा जण निघाले. पलीकडच्या यंत्राने त्यातल्या सहांच्या रक्तात विषाणू दाखवला. सहापैकी चौघांची घरं बंदराकडची. बाई म्हणाल्या, "ज्या घराण्याला यंत्र ओळखत नाही ते कागदावर येत नाही. कागदावर नाही म्हणून कुणी शोधत नाही. आणि ते निर्धास्त पसरतं." साहेबांनी यंत्र बनवणाऱ्यांना आणि वर सरकारात पत्र लिहिलं. मीच टाइप केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही चूक न करता. तेव्हापासून आमच्याकडे दोन्ही कागद एकाच पिनेत जातात. मी याला माझा शोध म्हणते, बाई आळस म्हणतात.

मुलगी झाली. शस्त्रक्रिया करून, ठरल्या दिवशी. सहा आठवड्यांनी तिची चाचणी होती. बाईंनी नमुना आमच्या यंत्राला लावला, पलीकडच्या यंत्राला दोनदा लावला. तिन्ही कागद समोर घेऊन बसल्या. तिन्हींवर तेच दोन शब्द. टोपण काढायच्या, लावायच्या. शेवटी मीच म्हणाले, "बाई, सही करा हो. बाहेर ती श्वास रोखून बसलीय." त्यांनी सही केली. ती सही काही त्यांच्या रोजच्या सहीसारखी आली नाही.

बाहेर बाकावर निळी पिशवी, मांडीवर पोरगी झोपलेली. बाईंनी कागद दिला. "आढळला नाही. दोन वेगळ्या यंत्रांवर, तीनदा."

मी हसायला तयारच होते. म्हटलं, आता ही रडेल, बाईंचे हात धरेल. तिने कागद वाचला. उलटून मागची कोरी बाजूही बघितली. मग घडी घालून पिशवीत ठेवला आणि मान वर न करता विचारलं, "पुढच्या महिन्यात पुन्हा करूया?"

सव्वीस वर्षं जो शब्द बाईंनी सगळ्यांना ऐकवला, तो आज त्यांना ऐकावा लागला. त्या तिच्या शेजारी बाकावर बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"करूया," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तितक्या वेळा करूया."

मी आत गेले आणि पुढच्या महिन्याची तारीख रजिस्टरमध्ये लिहिली. लिहिल्यावर ती एकदा पुन्हा वाचून बघितली.