तावड्यांची चावी आमच्याकडे

इंग्रजी शिकवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. हे मीच सांगतोय, कारण घरात दुसरं कोणी सांगत नाही.

त्या सकाळी लेकीची, सईची, इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. ती गाऊनवरच घोकत बसली होती, "काउंट ऑन म्हणजे भरवसा ठेवणे."

"घोकून नाही येत गं इंग्रजी, अनुभवावं लागतं," मी म्हटलं. "आपलं दार ओढलं की लॅच लागतं. मग आपली जादा चावी कुणाकडे असते?"

"समोरच्या तावडेकाकांकडे."

"म्हणजे वी कॅन काउंट ऑन तावडेकाका. चल, दाखवतो."

तिला बाहेर आणलं आणि दार धाडकन ओढून घेतलं. (मोबाइल आत, तिचा युनिफॉर्मही आत. हाडाचा शिक्षक असल्या गोष्टींना भीत नाही!) मग ऐटीत तावड्यांची बेल दाबली. पुन्हा दाबली.

इतक्यात जिन्यावरून खुद्द तावडेच वर आले. बनियन, लुंगी, हातात कचऱ्याचा रिकामा डबा.

"बरं झालं भेटलास यार," ते म्हणाले. "वाऱ्याने दार लागलं रे माझं. तुझ्याकडची चावी दे ना पटकन."

त्यांची चावी आमच्या फ्रिजशेजारच्या खिळ्याला. आमची त्यांच्या टीव्हीखाली. आमचा सगळा शेजारधर्म दोन बंद दारांआड सुखरूप होता.

"वाट लागली," तावडे म्हणाले आणि डबा उपडा करून त्यावर बसले.

"बाबा, माझी परीक्षा," सई रडवेली झाली.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या पेडणेकरकाकूंचा फोन घेऊन बायकोला अंधेरीच्या ऑफिसात गाठलं. (नंबर मला पाठ नव्हता, सईला होता.) बायको रिक्षाने मालाडला आली आणि पर्समधून स्वतःची चावी काढून दार उघडलं. मग त्याच रिक्षाने ऑफिसला परत गेली.

सई कशीबशी वेळेत पोचली. संध्याकाळी मी विचारलं, "आलं का काउंट ऑन?"

"आलं ना. मी वाक्य केलं, वी कॅन काउंट ऑन आई. टीचर गुड म्हणाल्या."

मी धडा घेतला. त्याच संध्याकाळी आमची आणि तावड्यांची अशा दोन्ही जादा चाव्या पेडणेकरकाकूंकडे नेऊन दिल्या. काकूंनी त्या देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवल्या आणि विचारलं, "आनि माझी मी खंय ठेवू रे?"

"त्यात काय विचारायचं, काकू?" मी छाती पुढे काढून म्हटलं. "आमच्याकडे द्या की. आम्ही आहोत ना!"