सगळ्यांची एकच धाकटी बहीण

घरात इंग्रजीचा मास्तर असणं म्हणजे काय, ते मला विचारा. जेवायला बसलं की आमच्याकडे वरणभाताच्या आधी दोन वाक्यं यायची. "भाजी अळणी आहे. मला भूक लागली आहे. जोड बरं."

"भाजी अळणी आहे असं जो म्हणेल, त्यानं उद्यापासून ती स्वतः करावी," मी म्हणायची.

"वा! एका वाक्यात दोन वाक्यं, शिवाय धमकी. दहावीच्या मुलांना हे जमलं ना, तर मी सुखानं निवृत्त होईन."

सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून बायको असून मलाही तीच सवय लागली. नाव कुंदन विधाते. नाशिक शहर संपून मळे सुरू होतात, तिथल्या एका हायस्कुलात त्यांनी इंग्रजी शिकवलं, दोन हजार सहा साली निवृत्त होईपर्यंत. मी अंबडला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. संध्याकाळी दोघंही दमून यायचो. पण माझा थकवा चहा घेतला की उतरायचा. सरांचा उतरायचा नाही. वह्यांचा गठ्ठा सोडायचे, चष्मा पुसायचे आणि तपासायला बसायचे, आणि पाच-दहा वह्या झाल्या की असा काही सुस्कारा टाकायचे की मला हातातलं काम ठेवून विचारावं लागायचं, "आता काय झालं?"

"काही नाही. पुन्हा कुत्रा."

म्हणजे असं, की मुलांना इंग्रजी वाक्यं येत होती. पण सगळी चार शब्दांची. माझ्याकडे कुत्रा आहे. माझा कुत्रा काळा आहे. तो चांगला कुत्रा आहे. सर म्हणायचे, ही पोरं हातगाडीवर भाजी मांडावी तशी वाक्यं मांडतात, मेथी एकीकडे, कोथिंबीर एकीकडे, एकीचा दुसरीला हात लागत नाही. मुलं बहुतेक माळ्यांची, पहाटे बापाबरोबर भाजी उतरवून शाळेत येणारी. घरी कुणाला इंग्रजीचा गंध नाही. त्यांना जोडायला शिकवायचं, एवढा एकच ध्यास या माणसानं घेतला होता.

त्यासाठी ते मुलांनाच वाक्यं करून उभं करायचे. एक मुलगा म्हणजे 'पाऊस आला'. दुसरी मुलगी म्हणजे 'बाजार उठला'. मध्ये तिसऱ्याला घुसवायचं, तो 'बिकॉज'. त्यानं दोघांचे हात धरायचे. मग सर ओरडायचे, "आता जागा बदला!" की 'बिकॉज'नं आधी कुणाचा हात धरायचा यावरून वर्गात हाणामारी. 'ऑलदो' व्हायला मात्र कुणी तयार नसायचं, कारण तो झालं की उलटा अर्थ जोडायला डोकं चालवावं लागायचं. पलीकडच्या वर्गातून तक्रार यायची की विधाते सर इंग्रजीच्या तासाला कबड्डी खेळवतात.

आणि एवढं करून परीक्षेत पुन्हा कुत्राच. हातात पेन आलं की पोरं गांगरायची. गाइडमधला निबंध पाठ असेल तो उतरवायची, नाहीतर चार शब्दांवर यायची. पंधरा वर्षं हे चाललं होतं. मी चिडून म्हणायची, "तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता? बाकीचे मास्तर घेतात का?" ते म्हणायचे, "एकानं तरी लिहू दे गं. परीक्षेच्या पेपरात, स्वतःचं, स्वतः जोडलेलं. एकदा वाचलं की मी गप्प बसेन." मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. दोन्ही एकदम यायचं.

शहाण्णव साली दहावीचा इंग्रजीचा निकाल फारच पडला. संस्थेचं पत्र आलं. हेडसरांनी सरांना बोलावून सांगितलं, "विधाते, तुमची कबड्डी बंद. निबंध लिहून द्या, पाठ करून घ्या. सहलीवरचा निबंध हमखास येतो. माझी बदली सटाण्याला झाली तर तुम्ही येणार आहात का माझे डबे पोचवायला?"

सरांनी मधला मार्ग काढला. आधी दहावीच्या वर्गाला इगतपुरीकडच्या धरणावर खरोखरची सहल नेली, म्हणजे प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असेल. मग फळ्यावर निबंध लिहून दिला. पण मध्ये एक जागा सोडली आणि सांगितलं, "इथे प्रत्येकानं आपापलं घालायचं. त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं, काय हरवलं, कोण काय म्हणालं. वाक्यं जोडून, दोन-तीन ओळी." कुणीतरी म्हणालं, "सर, उदाहरण द्या ना."

आणि सरांनी उदाहरण म्हणून माझी चप्पल दिली. लग्नानंतर आम्ही त्याच धरणावर गेलो होतो, तेव्हा माझ्या नव्या लाल चपलेतली एक पाण्यात वाहून गेली होती. मुलांना बायको कुठून असणार, म्हणून त्यांनी मला धाकटी बहीण केलं. माझ्या धाकट्या बहिणीची लाल चप्पल पाण्यात पडली, तरी ती रडली नाही, कारण दुसरी तिनं स्वतःच फेकून दिली आणि म्हणाली की आता जोडी पुरी झाली. हे मी खरंच म्हणाले होते. घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी लाजले, खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये परीक्षा झाली. सहलीचाच निबंध आला. शाळेत पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

मे महिन्यात बोर्डाचं पत्र आलं. आमच्या शाळेच्या मुलांचा निकाल राखून ठेवला होता. सामुदायिक कॉपीचा संशय. ज्या कुणा तपासनीस बाईंकडे हे पेपर गेले, त्यांची मला अजून दया येते. पेपर उघडला की धाकटी बहीण, लाल चप्पल. पुढचा पेपर, धाकटी बहीण, लाल चप्पल. ज्यांना बहीणच नाही, जे घरातलं शेंडेफळ, त्यांचीही धाकटी बहीण चप्पल फेकत होती. अख्ख्या वर्गात एकानंही आपलं काही घातलं नव्हतं.

पत्र वाचून सरांनी ते माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "कॉपी नाही केली ना पोरांनी? मग सांगू तसं." ते म्हणाले, "कॉपीचं नाही गं. एकानंही नाही. मनीषानंसुद्धा नाही."

मनीषा म्हणजे नवसाबाईंची मुलगी. त्यांचा फुलांचा मळा आमच्या घरामागेच. वर्गात एकटी तीच हौसेनं 'ऑलदो' व्हायची. सरांची सगळी आशा त्या पोरीवर होती. आणि आता कॉपी ठरली असती तर तिचं आणि सगळ्यांचंच वर्ष जाणार होतं, वर पुढच्या परीक्षेला बसायची बंदी. अकरावीच्या खर्चाचं नवसाबाईंनी नवऱ्याशी भांडून कबूल करून घेतलं होतं. पोरगी एक वर्ष घरी बसली असती तर पुन्हा शाळेचं तोंड दिसलं नसतं, हे सगळ्या मळ्याला माहीत होतं.

चौकशीला सगळ्या मुलांना बोर्डाच्या ऑफिसात बोलावलं. मी रजा टाकून सरांबरोबर गेले, कारण त्यांचा चेहरा बघून त्यांना एकटं सोडवेना. हेडसरांनी वाटेत हळूच सुचवलं, की शाळेला काही माहीत नव्हतं असं म्हणू या. सरांनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन चौकशीच्या साहेबांना सांगितलं, "निबंध मी दिला होता. पाठ करायला मी सांगितलं होतं. लेखी देतो."

साहेब काही वाईट नव्हते. म्हणाले, "मास्तर, सगळेच शिक्षक असं म्हणतात. पुरावा काय?"

सर म्हणाले, "आत्ता लिहून घ्या. लांब लांब बसवा, मध्ये तुमची माणसं उभी करा. पाठ असेल तर आत्ताही तेच लिहितील. चप्पलसुद्धा."

साहेबांना ते पटलं. मुलं आत गेली, आम्ही बाहेर बाकावर बसलो. दोन महिने पोरांनी पुस्तकाकडे पाहिलं नव्हतं, उन्हात मळ्यात राबत होती. विसरली असतील तर मेलोच. आणि कुणाला आत्ता शहाणपण सुचून त्यानं आपलं काही घातलं तरी मेलो, कारण एकाचं वेगळं झालं की बाकीच्यांवर संशय पक्का. मी सरांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ हलत होते. हा माणूस देवळात गेला तरी बाहेर चपला सांभाळत उभा राहणारा. पंधरा वर्षं पोरांनी स्वतःचं लिहावं म्हणून ज्यानं जीव आटवला, तोच आज त्यांनी स्वतःचं एक अक्षर लिहू नये म्हणून देव पाण्यात घालून बसला होता. मला बघवेना. मी मान फिरवली, तर उघड्या दारातून पहिल्या बाकावरची मनीषा आमच्याकडेच बघताना दिसली.

तासाभरानं साहेब हसत बाहेर आले. "घ्या मास्तर. सगळ्यांची बहीण, सगळ्यांची चप्पल. स्वल्पविरामसुद्धा जिथल्या तिथे. सोडून देऊ आपण." मग सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाठांतर मात्र कमाल करून घेतलंत." सरांनी मान डोलावली.

पोरं उड्या मारत बस स्टॉपकडे पळाली. मनीषा आमच्याबरोबर मागे राहिली. चालता चालता सर तिला म्हणाले, "एक विचारू का गं? रागावत नाही. मार्चमध्ये तरी आपलं का नाही घातलंस? तुला येत होतं."

"भ्या वाटलं सर. तुमचं चांगलं होतं. माझं चुकलं तर मार्क जातील." ती थोडं चालली. मग म्हणाली, "आज घातलं होतं मी."

सर थांबले.

"आज म्हटलं, मार्काचं काही नाय, आज आपलं लिहू. लिहिलं बी. मग तुमच्याकडं बघितलं तर तुम्ही हात जोडून बसलेले. म्हटलं, सरांना हे नको हाय. मग गिरगटलं सगळं, काय बी दिसू नये असं, आणि चप्पल लिहिली."

"काय लिहिलं होतंस?"

तिनं इंग्रजीतच सांगितलं, अडखळत, मध्येच मागे जाऊन दुरुस्त करत. अर्थ असा होता: माझी आई धरण पाहायला आली नाही, कारण फुलं तोडायची होती, पण घरी येऊन मी तिला पाणी केवढं होतं ते सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं की तिथे एवढं पाणी असताना आपल्या पाटाला ते का येत नाही, आणि मी सहलीला जाऊन आले असले तरी मला ते सांगता आलं नाही.

एका श्वासात मावणार नाही एवढं वाक्य. सरांनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. ती म्हणाली. मग बस आली आणि ती पोरांबरोबर चढली. आम्ही बऱ्याच वेळानं रिक्षानं आलो. सर वाटेत एवढंच म्हणाले, "माझ्यामुळे खोडलं गं तिनं." मी त्यांचा हात धरला. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

घरी येऊन मी त्यांना झोपवणार, तोच दारात नवसाबाई. पोरीनं आधीच पोचून सगळं सांगितलं असणार. पदरात मोगऱ्याच्या कळ्या, डोळ्यांत पाणी. सरांच्या पाया पडायला वाकल्या तसे सर मागे सरकले.

"पोरीचं साल वाचवलं सर तुमी," त्या म्हणाल्या. "लय उपकार झाले. काय पाठ करून घेतलंय हो! मनी म्हंती, दोन महिन्यांनी बी सबूद इकडचा तिकडं झाला नाय. असंच घोकून घ्या तिच्याकडनं पुढं बी. तिला सोतंचं काय लिवू देऊ नका, तिला लय खोड हाय त्याची."

"मुलगी हुशार आहे तुमची," सर म्हणाले, आणि आत गेले.

मी नवसाबाईंना चहासाठी बसवलं. गॅस संपलेला होता, म्हणून स्टोव्ह काढला. कळ्या ताटात ओतत त्या मजेत बोलत होत्या, की आता पोरगी कॉलेजात जाईल, मळ्यातली पहिली. आतल्या खोलीत सर रडत होते. मी स्टोव्ह पेटवला आणि पंप मारत राहिले, गरज नसताना, जोरजोरात, म्हणजे बाहेर नवसाबाईंना ऐकू जाऊ नये.